घडवणाऱ्याच्या आठवणीत घडलेले पाते

शस्त्रांविषयी मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. भवानी तलवार, वाघनखे, बिचवा, दांडपट्टा ही नावे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. बखरींत, पोवाड्यांत, संग्रहालयांच्या सूचींत, गडकोटांवरच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख सर्वत्र येतो. या सगळ्या लेखनात एक माणूस मात्र क्वचितच भेटतो. ज्याने ते पोलाद भट्टीत तापवले, ऐरणीवर ठोकून लांबवले, पाणी देऊन कठीण केले आणि शेवटी कानस फिरवून दुसऱ्याच्या हाती सोपवले, तो माणूस. तलवार कोणाच्या कमरेला होती हे आपण आवर्जून विचारतो; ती कोणाच्या हातून उतरली हे विचारायचे राहून जाते. हा राहून गेलेला प्रश्न ज्यांना विचारावासा वाटतो, त्यांच्यासाठी ही प्रस्तावना आहे.

या अभ्यासात शिरायला वाटा अनेक आहेत. त्यांतली एक लहानशी, पण माझ्या मते नवख्याला सर्वांत सोयीची वाट अशी : एका कारागिराने, आता हयात नसलेल्या दुसऱ्या कारागिराच्या स्मरणार्थ हाताने घडवलेला चाकू. हाताने पाती घडवणाऱ्यांच्या जगात ही रीत ओळखीची आहे. सोबतचा कोणी गेला की त्याच्या आवडीच्या घाटाचे एक पाते घडवायचे, किंवा त्याच्या भट्टीजवळ अर्धवट राहिलेले काम हाती घेऊन पुरे करायचे. असा चाकू पुष्कळदा सरहद्दी घाटाचा असतो, म्हणजे वस्तीच्या कडेला, रानाच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाच्या रोजच्या कामाचा. मिरवण्याचा नव्हे.

अभ्यासकाला या चाकूचे मोल का वाटावे, हे आधी सांगायला हवे. स्मरणार्थ घडवणाऱ्याला एक गोष्ट ठरवावीच लागते : गेलेल्या मित्राचे नेमके काय घ्यायचे? पात्याच्या पाठीची जाडी? टोकाकडे येताना दिलेला उतार? मूठ आणि पाते जिथे भेटतात तिथली सफाई? सगळेच उचलले तर ती नक्कल होते, काहीच घेतले नाही तर स्मरण उरत नाही. म्हणून ही निवड म्हणजे एका जाणकाराने दुसऱ्या जाणकाराच्या कामावर दिलेला अभिप्राय असतो. लोहार एकमेकांच्या कामाची परीक्षणे लिहीत नाहीत. त्यांचे मत वाचायचे असेल तर ते असे पोलादातच वाचावे लागते, आणि ते वाचता येते, हे मला या प्रस्तावनेत वाचकांना पटवून द्यायचे आहे.

‘सरहद्दी’ म्हटल्यावर कोणती सरहद्द, हे प्रथम स्पष्ट केलेले बरे. आजच्या चाकूकारांच्या बोलण्यात बहुधा अमेरिकेची पश्चिमेकडे सरकत गेलेली सीमा असते. 1827 मध्ये मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीत जेम्स बोवी याने चाकू चालवला आणि त्याच्या नावाचा घाट पुढे जगभर गेला. आर्कान्सातला जेम्स ब्लॅक हा लोहार त्या घाटाशी परंपरेने जोडला जातो. परंतु त्या सरहद्दीवर खरोखर वापरात असलेले बहुतेक चाकू साधे, खाटकाच्या आणि स्वयंपाकघराच्या जातीचेच होते. शेफिल्डहून पेट्या भरून ते येत, आणि 1834 पासून मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन रसेलच्या कारखान्यातूनही येऊ लागले. म्हणजे ज्या घाटाभोवती एवढी शौर्यकथा उभी राहिली, तो मुळात घरकामाचा घाट आहे. वाचकांनी ही गोष्ट मनात पक्की ठेवावी. पुढे ती वारंवार उपयोगी पडेल.

आपल्याकडची सरहद्द मात्र वायव्येची. खैबरच्या परिसरातला छुरा, सरळ पात्याचा कारूद आणि मराठी कागदपत्रांनाही परका नसलेला पेशकबज ही तिची अपत्ये. यांतला छुरा जरा जवळून पाहू. पाते मुठीशी रुंद असते आणि टोकापर्यंत सरळ निमुळते होत जाते. धार एकाच बाजूला. मुठीला आडवी मूठबंदी नाही, त्यामुळे मुठीचा बराचसा भागही म्यानात उतरतो. खरी करामत पाठीवर असते. पाते मधोमध आडवे कापून पाहिले तर त्याचा छेद ‘टी’ या रोमन अक्षरासारखा दिसेल : वर जाड, रुंद पाठ आणि खाली पातळ पत्रा. पातळ पात्यामुळे वजन कमी आणि धार तिखट. जाड पाठीमुळे खुपसताना पाते वाकत नाही. पेशकबजात हीच युक्ती टोकापर्यंत नेऊन अणी इतकी भरीव करतात की ती साखळी चिलखताच्या कड्या फोडून आत शिरावी. घडवणाऱ्याने कोणत्या अडचणीवर कोणता तोडगा काढला हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी हत्यारे थोडी आहेत.

आणि ही सरहद्द दिल्लीपासून वाटते तितकी दूर नाही. 10 जानेवारी 1760 रोजी दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाट आज दिल्ली शहराच्या हद्दीत आहे. 14 जानेवारी 1761 च्या रणभूमीचे पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा भाग आहे. वायव्येकडून आलेली आणि दख्खनेतून आलेली पाती याच मुलखात समोरासमोर आली. दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

दिल्लीत या अभ्यासाची सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी त्याला चाकू दाखवायला नेणार नाही, मेहरौलीला नेईन. कुतुबमिनाराच्या आवारातला लोहस्तंभ सात मीटरांहून थोडा उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा आहे. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास, लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून, सांधून तो उभा केला गेला. त्यात स्फुरदाचे प्रमाण आजच्या लोखंडापेक्षा बरेच जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार होऊन गंज रोखला जातो, हे आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी आपल्या संशोधनातून उलगडून दाखवले. स्तंभावर ब्राह्मी लिपीतला संस्कृत लेख आहे. त्यात चंद्र नावाच्या राजाचा पराक्रम आहे. अभ्यासक त्याला बहुधा दुसरा चंद्रगुप्त मानतात. लोहारांचे नाव त्यात नाही. सोळाशे वर्षे टिकलेले काम ज्यांनी केले त्यांच्याविषयी एक अक्षर नाही, आणि ज्याने ते करवून घेतले त्याची कीर्ती मात्र वाचता येते. आपल्याकडच्या धातुकामाच्या इतिहासाची अडचण एवढ्या एका उदाहरणात दिसते.

त्यानंतर जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावे. इथल्या शस्त्रसंग्रहाची जी. एन. पंत यांनी अनेक वर्षे देखभाल केली आणि 1978 पासून भारतीय शस्त्रांवर इंग्रजीत तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्याही आधी, 1880 मध्ये, एगर्टन यांनी लंडनमधल्या भारतीय शस्त्रांची सचित्र सूची छापली होती. हे दोन्ही ग्रंथ आजही नवख्याने उघडावेत असे आहेत. मात्र दोन्हींत वर्गवारी आहे ती घाट, प्रदेश आणि वापरणारा यांनुसार. दोष ग्रंथकारांचा नाही. वस्तूंवर कारागिराची खूणच विरळा असते. काचेच्या कपाटासमोर उभे राहताना वाचकांनी मुठीवरच्या सोन्यारुप्याकडे थोडा वेळ काणाडोळा करावा. कोफ्तगरीचे काम, म्हणजे ओरखडे पाडलेल्या पोलादावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवण्याचे काम, अतिशय देखणे असते आणि नजर तिथेच अडकते. पण ते बहुधा दुसऱ्या हाताचे काम असते. पाते घडवणारा वेगळा, धार लावणारा शिकलगार वेगळा, नक्षी करणारा वेगळा, म्यानाचे कातडे शिवणारा वेगळा. एकच वस्तू, पण तिच्या पोटात चार-पाच बिरादऱ्यांची मेहनत.

हे हात आज पाहायचे असतील तर दिल्लीच्या रस्त्यांवर यावे लागते. गाडिया लोहारांची बिऱ्हाडे शहरात जागोजागी, मोठ्या रस्त्यांच्या कडेला दिसतात. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज चितोडचे शस्त्रकार. 1568 मध्ये चितोड पडल्यावर त्यांनी शपथ घेतली की किल्ला परत मिळेपर्यंत घर बांधायचे नाही, खाटेवर झोपायचे नाही, दिवा लावायचा नाही. एप्रिल 1955 मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेले आणि ती शपथ फिटली असे जाहीर झाले. सत्यपाल रुहेला यांनी 1968 मध्ये त्यांच्यावर समाजशास्त्रीय पुस्तक लिहिले. शपथ फिटली, पक्के घर मात्र कितीतरी कुटुंबांना अजून मिळालेले नाही. मराठी वाचकांना आपल्याकडचे घिसाडी आठवतील, आणि ते आठवणे योग्यच आहे.

गाडिया लोहारांचे काम दोन पावलांवरून पाहण्यासारखे आहे. जमिनीत रोवलेली बुटकी ऐरण. पुरुष बसून सांडशीत तांबडा झालेला तुकडा धरतो आणि लहान हातोड्याने एका जागी टिचकी मारतो. समोर उभी असलेली बाई दोन्ही हातांनी घण उचलते आणि नेमक्या त्याच जागी घालते. पुन्हा टिचकी, पुन्हा घण. कुठे मारायचे हे हातोडा सांगतो, काम घण करतो. तुकडा काळवंडला की थांबायचे, कारण थंड पोलादावर घातलेला घाव पात्यात बारीक तडा सोडून जातो. हा तडा तेव्हा दिसत नाही. पाणी देताना उघडा पडतो. माल बहुधा भंगारातला, जुन्या ट्रकच्या कमान-पाट्यांचा. तवे, चिमटे, छन्न्या, कोयते आणि सुऱ्या याच पोलादातून निघतात. ट्रकचे ओझे वर्षानुवर्षे पेललेले हे पोलाद लवचिक आणि चिवट असते. जगभरचे हौशी चाकूकारही ते आवडीने वापरतात.

दिल्लीभोवतीचा प्रदेश चाकू घडवणाऱ्याला किती अनुकूल आहे, हे मला थोड्या अभिमानाने सांगावेसे वाटते. पोलादासाठी मायापुरीचा भंगारबाजार. पितळेसाठी मुरादाबाद. मुठीच्या शिंगासाठी आणि हाडासाठी संभळ, जिथे म्हशीच्या शिंगाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. एके काळी भारतातले सांबरशिंग मुठींसाठी पार शेफिल्ड आणि अमेरिकेपर्यंत जात असे. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यांनी तो व्यापार थांबवला आणि ते योग्यच झाले. लाकडासाठी शिसम तर घरचेच. आणि मैनपुरीची तारकशी : शिसमाच्या अंगात बारीक चर पाडून त्यात पितळेची तार ठोकून बसवायची, मग घासून लाकडाशी एकजीव करायची. या सगळ्यांची ओळख प्रगती मैदानाजवळच्या, भैरों मार्गावरच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयापासून सुरू करता येईल.

तारकशीचा मुद्दा मी मुद्दाम काढला. अमेरिकेतल्या मेरीलँडचे विल्यम मोरान हे सरहद्दी घाटाच्या चाकूंचे विसाव्या शतकातले एक थोर कारागीर. रेघारेघांच्या मेपल लाकडाच्या मुठीत चांदीची तार बसवणे ही त्यांची ओळख होती. मैनपुरीच्या कारागिराला ते काम दाखवले तर त्याला काहीही समजावून सांगावे लागणार नाही. 1973 मध्ये मोरान यांनी थरांवर थर सांधून केलेल्या, नागमोडी रेषा दिसणाऱ्या पोलादाची पाती चाकूकारांच्या प्रदर्शनात मांडली आणि ती कशी करायची याची कृती छापून फुकट वाटून टाकली. 1976 मध्ये त्यांच्या पुढाकाराने अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. 2006 मध्ये ते गेले. पुढच्या पिढीच्या हातांत आज जे तंत्र आहे त्याचा मोठा भाग त्यांनी वाटून टाकलेल्या विद्येतून आलेला आहे. अशा माणसाच्या आठवणीत घडलेल्या चाकूकडे पाहताना, त्याचा नमुना घेतला आहे की त्याची मोकळीक, हा प्रश्न विचारून पाहावा.

पूर्वेकडेही या रीतीची नाती सापडतात. इराणच्या शाह अब्बासच्या काळाशी जोडलेले असदुल्ला इस्फहानी हे नाव तलवारींच्या जाणकारांना परिचित आहे. त्याच्या नावाची मुद्रा असलेली पाती इतकी आहेत, आणि इतक्या वेगवेगळ्या काळांतली आहेत, की ती सारी एका माणसाच्या हातची असणे शक्य नाही. पुढच्या कारागिरांनी हे नाव आपल्या कामावर घातले. त्यात बाजारभाव वाढवण्याचा हेतू असणारच. तरीही सगळे खोट्या मालाच्या खाती टाकून मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. ‘हे पाते त्याच्या तोलाचे आहे’ असे सांगण्याचीही ती एक पद्धत होती. ज्या पोलादाने असल्या पात्यांना लौकिक मिळवून दिला त्यातले पुष्कळसे दख्खनचे होते. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रम गावी इराणी व्यापारी ते खरेदी करायला येत. तिथल्या भट्टीवाल्यांची नावे कोणत्याही पात्यावर नाहीत.

रामपूरचा उल्लेखही करायला हवा. खटका दाबताच उघडणाऱ्या रामपुरी चाकूची हिंदी चित्रपटांनी केलेली बदनामी सर्वांना ठाऊक आहे. 2023 मध्ये त्या शहराने एका चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा चाकूच उभा केला. एका शहराने आपल्या कारागिरीला अशी उघड मान्यता द्यावी, ही मला चांगली गोष्ट वाटते; त्यावर कारागिरांची नावे कोरली असती तर अधिक चांगली वाटली असती.

आता, असा स्मरणाचा चाकू आपल्या हाती आला तर तो पाहावा कसा? प्रथम धारेकडे पाहू नका. पाठीवरून बोट फिरवा आणि जाडी मुठीकडून टोकाकडे एकसारखी उतरते का ते पाहा. घडाईचे खरे कसब तिथे कळते. मग चाकू एका बोटावर तोलून त्याचा तोल कुठे आहे ते बघा. मूठ आणि पाते यांच्या सांध्यात नख अडकते का, तेही पाहा. शेवटी, घडवणारा भेटला तर त्याला पाणी कसे दिले हे विचारा. पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवले की ते काचेसारखे ठिसूळ होते. ते तसेच ठेवून चालत नाही. घासून चकचकीत केलेले पाते पुन्हा मंद आचेवर धरतात. सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या आसपास त्यावर गव्हाळ रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या सुमारास निळा. कोणत्या रंगाला थांबायचे यावर पात्याचा स्वभाव ठरतो : गव्हाळावर थांबले तर धार टिकाऊ, निळ्यापर्यंत गेले तर अंग लवचिक. प्रत्येक कारागिराचा थांबण्याचा रंग स्वतःचा असतो. गेलेल्या मित्राचा रंग कोणता होता, हे त्याच्या शेजारी बसून काम केलेल्यालाच ठाऊक असते. आणि स्मरणाच्या चाकूत तो रंग सांभाळला असेल, तर पृष्ठभाग घासून गेल्यावर डोळ्यांना तो दिसणारही नाही. म्हणून विचारायचे.

कायद्याची एक गोष्ट नवख्याने समजून घ्यावी. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामांसाठी घडवलेली पाती त्यांतून वगळली आहेत. खटक्याच्या चाकूंबाबत दिल्लीत 1980 पासून आणखी कडक अधिसूचना आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. अभ्यासकाने खरेदीची घाई करू नये; पाहणे, मोजणे, रेखाटणे आणि विचारणे यांतच पुष्कळ काम होण्यासारखे आहे.

मराठीत या विषयावर सलग, कारागिराला मध्यभागी ठेवणारे लेखन फार थोडे आहे. ते व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि त्यासाठी सुरुवातीचा ऐवज तुमच्याच घरात असू शकतो. आजीची विळी, देवघरातला खंडेनवमीला पुजला जाणारा कोयता, पानाच्या डब्यातला अडकित्ता ही सगळी कोणाच्या तरी हातची कामे आहेत. त्यांवर ठसा किंवा खूण असेल तर तिचे छायाचित्र घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : कोणत्या लोहाराने केली, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली. उत्तर अर्धवट मिळाले तरी तारीख घालून वहीत लिहून ठेवा, आणि त्यात लोहाराचे नाव पहिल्या ओळीत लिहा.